आठ वावांवरच्या भुईचा पंचनामा

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता समुद्राची भुई मत्स्य कार्यालयात आली आणि अभ्यागतांच्या बाकावर बसली. वाळवटी बंदरासमोर आठ वाव पाण्याखाली असते, तीच. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं माप. अख्खी आली होती, त्यामुळे टेबलं भिंतीला सरकवावी लागली.

सोबत द्रौपदी कुबल होती. तिचं घर रापणीवरचं. रापण म्हणजे पंचवीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. गेली दोन वर्षं ते रिकामं येत होतं. दहा वावांच्या आत ट्रॉलरला मनाई होती, तरी ट्रॉलर आत शिरून तळ खरवडून नेत होते. गावाने तीन अर्ज केले. तिन्हींवर मत्स्य अधिकारी सबनीस साहेबांचा एकच शेरा पडला: स्थळपाहणी शक्य नाही. चौथ्या अर्जाचा निकाल आज पाचला होता. पंचनामा झाला नाही, तर अर्ज निकालात आणि रापण विकायला. म्हणून द्रौपदीने पहाटे किनाऱ्यावर उभं राहून हाक मारली, "गो बाय, साहेब काय तुझ्याकडे येणत नाय. तूच चल!"

भुई आली. इतकी वर्षं तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"ओळखीचा पुरावा?" साहेबांनी विचारलं.

भुईने पाठ वळवली. ट्रॉलच्या जाळ्याला तोंड उघडं ठेवायला दोन जड फळ्या असतात, त्यांचे चर पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते.

"हंय माझी शिंपल्यांची आळी होती," ती म्हणाली. "थंय किड्यांची बिळां. बारकी मासळी त्येंच्यावर जगायची. नांगरून झाल्यार माणूस पेरता तरी. हे नुसतेच नांगरतत."

द्रौपदीने भुईच्या मांडीवरचा एक लेप, तळाला चिकटून राहणारा चपटा मासा, उचलून साहेबांच्या पॅडवर ठेवला आणि अंगठ्याने त्याचे कल्ले उघडले. "बघा. धडधाकट माशाचे लालभडक असतत. हेच्यात गाळ भरलो हा. अंगावर चट्टे, पोटात कायएक नाय. बाजारात ह्यो ठेवलंय तर बायका माझ्या तोंडार फेकतीत, आणि तेंचा बरोबरच आसा!"

"वस्तुस्थिती मान्य," साहेब म्हणाले. "पण पंचनामा जागेवर करायचा असतो. जागा इथे आली, म्हणजे जागेवर आता जागा नाही."

"जंय भुई, थंय जागा. लिवा!"

साहेबांनी नियमपुस्तिका चाळली. विरुद्ध काही सापडलं नाही. मग पंचांचा प्रश्न आला. दोघे हवेत, जागेची माहिती असलेले, आणि अर्जदार चालत नाही. लेप जन्मापासून तिथला रहिवासी होता. त्याच्या पराला शाई लावून ठसा घेतला. दुसरा पंच मिळेना. एक वाजला, दोन वाजले. द्रौपदी घड्याळाकडे पाठ करून बसली.

तीनला आपला ट्रॉलर स्वतःच हाकणारा मालक हरेश्वर गिरकर तणतणत आत आला.

"साहेब, तक्रार घेवा! जाळा सोडलंय तर खाली कायच लागणा नाय. दोर संपलो, फळये लोंबकळतत. तळ चोरीक गेलो!"

बाकाकडे त्याने पाहिलंही नाही. त्या भुईचा चेहरा त्याने कधी बघितला नव्हता, फक्त खरवडला होता.

"ठिकाण?"

गिरकर चाचरला. "असात दहा-बारा वावांत."

द्रौपदी फिस्सकन हसली. "दहा-बारा? तुका खंय कळतत वाव! सुकाणूर बसान झोप काढतंस. थंय सात असतीत."

तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, काहीही म्हणा, बायकोवरून बोला, पण त्याचं पाणी चुकलं म्हणू नका. गिरकराच्या नाकाला मिरची झोंबली.

"सात? माका शिकवतंस? देवळाचो कळस नि खाडीवरचो माड एका रेषेत इलो, की आठ वाव! तीन वर्सां रोज थंयच ओढतंय. साहेब, लिवन देतंय, आठ!"

लिहिलं, खाली सही ठोकली. साहेबांनी शांतपणे वाचलं.

"आठ म्हणजे दहाच्या आत. माहिती अचूक. पंच क्रमांक दोन मिळाले."

गिरकराने कागद परत मागितला, पण तो फायलीला लागला होता. पाचाला सात मिनिटं कमी असताना शिक्का पडला: फळ्या जप्त कराव्यात.

"आता आपण जागेवर जाऊ शकता," साहेब भुईला म्हणाले.

"फळये हंय येयसर हलूचंय नाय."

"कार्यालय बंद होतं."

"लावा कुलूप."

द्रौपदीही तिच्या शेजारी मांडी घालून बसली. शुक्रवारी टेम्पोतून फळ्या आल्या आणि साहेबांच्या खुर्चीमागे उभ्या केल्या गेल्या. तेव्हा कुठे भुई उठली. माहेरवाशिणीला रिकामी कोण धाडतं? द्रौपदीने तांदूळ-नारळाने तिची ओटी भरली. ओटीत लेपही बसला.

"एक रकाना राहिला," साहेब म्हणाले. "नुकसान भरून यायला लागणारा काळ?"

"शिंपल्यांची आळी बसाक वीस वर्सां."

"मगे वीस वर्सां रापण ओढतलंव," द्रौपदी म्हणाली. "विकूची नाय."

भुई दारात थांबली. "आणि तोवर कोण फिरकलो, तर मी परत येतलंय. तेव्हा एकटी येवचंय नाय. पाणी घेवन येतलंय."

साहेबांनी तशी नोंद केली आणि शिपायाला खालच्या कप्प्यांतल्या फायली वर ठेवायला सांगितलं.