खिडकीतून काय दिसतं?

पडदेवाल्यांनी पाठवलेला सवलतीचा मेल कोणाच्याच हाती लागेना. सगळ्या गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये तो मुकाट पडून राहायचा. खुद्द त्यांच्या बायकोच्या फोनमध्येही तो तिथेच सापडला.

दुकानाचा कॉम्प्युटर मेहुणी सांभाळायची. ती म्हणाली, "भाऊजी, सारखं 'त्वरा करा, त्वरा करा' असं ओरडल्यावर कोण घरात घेईल? लोकांनी आपल्याला उत्तर लिहिलं पाहिजे. मग मेल सरळ इनबॉक्समध्ये जातात."

"पडद्याला काय उत्तर लिहिणार?"

"काहीतरी विचारायचं. तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

पडदेवाल्यांना हा निव्वळ पोरखेळ वाटला. पण नवं कापड गठ्ठ्यांतच पडून होतं. "कर काय करायचं ते," म्हणत त्यांनी मान डोलावली.

दुपारपर्यंत उत्तरांचा नुसता पाऊस पडला. कोणाला भिंत दिसत होती, कोणाला शेजाऱ्याची मोटार. एका निवृत्त मास्तरांनी तर समोरच्या झाडावर चार पानं लिहिली होती. पडदेवाले खूश झाले.

"पडदा कोणी मागितला?"

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशी एक बाई पिशवी घेऊन दुकानात आल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून कितीतरी वर्षांनी पडदा सारून बाहेर बघितलं. इतकं छान वाटलं! आता हे परत घ्या," म्हणत त्यांनी दोन पडदे काउंटरवर ठेवले. संध्याकाळपर्यंत आणखी तिघे पडदे परत करून गेले.

पडदेवाल्यांचा पारा चढला. "बंद कर ते उत्तरं वाचणं! माझं दुकान बुडवशील."

"थांबा भाऊजी, एक गिऱ्हाईक आहे. एक आजी." मेहुणी वाचू लागली, "'माझ्या खिडकीतून समोरचे गृहस्थ दिसतात. रोज सकाळी ते बनियनवर उड्या मारतात आणि गातातही. त्यांच्या खिडकीला कृपा करून पडदा बसवा. पैसे मी देईन.'"

"हे बघ, झाली की नाही विक्री! पत्ता काय त्या माणसाचा?"

मेहुणीने पत्ता वाचला आणि ओढणी तोंडावर धरली. पत्ता पडदेवाल्यांच्याच घराचा होता.

मग पडदेवाल्यांनी मापाची टेप उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि ते गठ्ठ्यांकडे वळले.

"कापड कसलं हवं, ते लिहिलंय का?"

"हो. 'सगळ्यात जाड'."