कपाटातला परदेश

माणसानं घरात बोलू नये, असं कुठं लिहिलंय का? आमच्या चिरंजीवांना विचारा. घरात त्यांचे शब्द दोनच, 'हं' आणि 'नको'. भाजी वाढू का, नको. बरं नाही का वाटत, हं. आणि हाच माणूस सकाळी रेडिओ केंद्रात जाऊन काचेच्या खोलीत बसला की अख्ख्या शहराशी लाडीगोडीनं बोलायचा. आज ढग आहेत, छत्री घेऊन बाहेर पडा. ऊन वाढलंय, वयस्कर मंडळींनी पाणी पीत राहा. मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसायची आणि ते सगळं मलाच सांगितलंय असं धरून चालायची. छत्री न्यायची, पाणी प्यायची. मधूनमधून उत्तरही द्यायची. सूनबाई म्हणायची, "आई, त्यांना ऐकू जात नाही." मी म्हणायची, समोर बसल्यावर तरी कुठं जातं?

तर या चिरंजीवांना परदेशी जायचं होतं. हे खूळ आजचं नाही. शाळेत होता तेव्हा वडिलांच्या रेडिओची वायर कपडे वाळत घालायच्या तारेला जोडायचा आणि खरखरीतून लांबच्या देशातलं एक केंद्र पकडायचा. आपली माणसं तिकडे जाऊन राहिलेली, त्यांच्यासाठी आपल्या भाषेत चालणारं केंद्र. माझे धुतलेले कपडे जमिनीवर आणि हा कान लावून बसलेला. जेवायला हाक मारली तर नुसता हात वर करायचा, गप्प बस म्हणून. एक दिवस तिथं बसून बोलायचं, हे त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं. मोठा झाला, निवेदक झाला, कानशिलं पांढरी झाली, तरी ते मनातून उतरलं नाही.

पण तिकडची दारं जड. अर्ज केला की उत्तर यायचं, कायद्याप्रमाणे आधी आमच्या देशातल्या माणसाला विचारावं लागतं, कुणी मिळालं नाही तर तुम्ही. आणि दरवेळी कुणीतरी मिळायचंच. शेवटी एकदा नाही मिळालं. तिकडे वाढलेली मुलं आपली भाषा बोलतात ती म्हणे तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी. तिकडच्या केंद्रानं कळवलं, कॉम्प्युटरवर मुलाखत घेतो, तयार राहा.

मुलाखत द्यायची कुठं? घरात गोंगाट असतो म्हणाला. म्हणजे मी असते. केंद्रातली काचेची खोली शांत, म्हणून त्यानं बेत केला की पाण्याची टाकी कशी साफ करावी यावरचं एक लांबलचक भाषण लावून द्यायचं आणि ते संपेपर्यंत मुलाखत उरकून घ्यायची. बेत चांगला होता. पण त्या खुर्चीत बसून बोलायचं तर आधी माईकचा खटका वर करायचा, ही त्याच्या हाताची इतक्या वर्षांची सवय. यानं तोंड उघडलं आणि हात आपला आपण खटक्यावर गेला. प्रश्न याच्या कानात, उत्तरं सगळ्या शहरात.

मी वाटाणे सोलत होते. भाषणवाले गृहस्थ सांगत होते, गाळ तळाशी बसून राहतो. त्यावर आमचा मुलगा म्हणाला, "हो, मी लगेच निघू शकतो." मला वाटलं, हा टाकी साफ करायला कुठं निघाला? गृहस्थ म्हणाले, जुनं पाणी आधी पूर्ण काढून टाकावं. हा म्हणाला, "इथल्या नोकरीचं काय, कधीही सोडता येईल." माझा वाटाण्यातला हात थांबला. आणि मग तो म्हणाला, अगदी त्याच छत्रीच्या आवाजात, "नाही नाही, मागं अडकवणारं असं काही नाही. बायको यायला तयार आहे. आई आहे, पण तिचं तिचं चालतं."

गृहस्थ म्हणाले, अशा वेळी टाकी रिकामी करून उन्हात कोरडी होऊ द्यावी.

संध्याकाळी मी भाजी आणायला बाहेर पडले. भाजीवाल्यानं तराजू धरून विचारलं, "काय आई, तुमचं तुमचं चालतंय ना?" औषधाच्या दुकानात तेच. जिन्यात भेटलेल्या शेजारणीनं तर माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि वर आणून दिली. असल्या दयेपेक्षा पिशवी हलकी होती. चिरंजीव घरी आले ते मान खाली घालून. मी त्याला जेवायला वाढलं आणि माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसले. म्हटलं, चालतं ना माझं माझं, मग चालू दे.

केंद्राच्या साहेबांनी त्याला माईकवरून उठवलं आणि जुन्या टेपा पुसायच्या खोलीत बसवलं. सकाळी त्याच्या जागी एक मुलगी यायला लागली. चुरूचुरू बोलायची, गाणी लावायची, पण ढग आहेत का नाहीत याचं तिला काही नाही. त्या आठवड्यात मी चिंब भिजले.

तेवढ्यात तिकडून होकार आला. आता राहिला व्हिसा. त्या कचेरीचा नियम असा, की हा मनुष्य काम संपल्यावर आपल्या घरी परत येईल, याची खात्री पटवा. घरच्या कुणाला तरी सोबत आणा. सुनेला न्यावं तर ती त्याच्याबरोबरच जाणार. राहता राहिले मी, जिचं तिचं तिचं चालतं ती.

आदल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. "आई, तू फक्त एवढंच सांग, हा परत येईल. दुसरं काही बोलू नकोस." एका दमात एवढं बोलला. मला रेडिओ लावल्यासारखं वाटलं. मी हो म्हटलं. काय करणार, समोर तोच तारेजवळचा पोरगा बसलेला होता, हात वर करून.

कचेरीत काचेपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा परत येईल हे कशावरून?"

"त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत," मी म्हटलं. "डोकं दुखलं की औषधाआधी मला विचारतो. येईल नाही तर करील काय?"

बाई हसल्या. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी तिकडच्या केंद्रानं पाठवलेलं पत्र काढलं. त्यात त्याची भारी स्तुती होती. हा माणूस कायमचा आमच्याकडे राहील, मागं अडकवणारं काही नाही असं त्यानं स्वतः सांगितलंय. बाईंनी चष्मा काढला. "आजी, यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही," मी म्हटलं. "विचारणारे दोघं, म्हणून उत्तरं दोन. तुम्ही आणि ते एकदा बसून ठरवा, याला ठेवून घ्यायचाय का परत पाठवायचाय. तो दोन्हीला तयार आहे."

बाईंनी शिक्का मारला. नकाराचा.

मला आनंद व्हायला हवा होता. पोरगा राहिला. पण बसस्टॉपवर तो उभा होता तो नुसता रस्त्याकडे बघत, जसा त्या तारेवरचा आवाज गेल्यावर बघायचा. बस आली, गेली, दोघंही चढलो नाही. म्हणाला, "तू चुकीचं काही बोलली नाहीस." त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं.

मग तिकडच्या केंद्रानंच तोड काढली. म्हणाले, माणूस येऊ शकत नसेल तर राहू दे, आवाज पाठवा. आवाजाला व्हिसा लागत नाही. चिरंजीवांनी इथली नोकरी सोडली आणि माझं लाकडी कपाट रिकामं केलं. आत चारी बाजूंनी रजया ठोकल्या, म्हणजे आवाज घुमत नाही म्हणे, एक माईक टांगला, एक स्टूल ठेवलं, आणि दारावर लाल दिवा लावला. माझे कपडे पुन्हा जमिनीवर.

लाल दिवा लागला की नळ सोडायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, खोकला आला तर जिन्यात जायचं. तिकडचं ते केंद्र इकडच्या रेडिओवर आता लागतच नाही. आधी मुलगा बाहेर असायचा पण त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात असायचा. आता मुलगा चोवीस तास घरात आणि आवाज समुद्रापलीकडे. घामेजून कपाटातून बाहेर येतो, काय रे, सरबत देऊ? नको. दमलास का? हं.

काल राहवलं नाही. दिवा लागलेला असताना मी कपाटाला कान लावला. रजयांमधून बारीकसा ऐकू आला, पण तोच, छत्रीचा आवाज. तिकडे गेलेल्या आपल्या माणसांना सांगत होता, "कामाच्या गडबडीत विसरू नका. घरी आई वाट बघत असेल. तिच्याशी दोन शब्द बोला."

दिवा विझला. दार उघडलं. मला तिथं बघून तो दचकला, कपाळाचा घाम पुसला आणि नेहमीसारखा बाजूनं निघाला. मी वाट सोडली नाही.

म्हटलं, "तू खरंच परदेशी जायला हवं होतंस रे. तिथून रोज एक फोन तरी केला असतास."