माळ्यावरच्या दहा बाटल्या

आमच्या देवळाली प्रवरेकडं बियरचे दोनच प्रकार मानतात. एक थंड आणि एक संपलेली. बेचाळीस वर्षं मीही त्याच पंथातला होतो. वर्षातून एखादी बाटली, सोबत खारे शेंगदाणे, वर बडीशेप, आणि घरी जाताना तोंड बायकोच्या विरुद्ध दिशेला. एवढाच माझा अनुभव.

गेल्या फेब्रुवारीत माझा भाचा ओंकार मला पुण्यात अशा ठिकाणी घेऊन गेला, जिथं बियर तिथंच बनवतात आणि तिथंच देतात. लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास आले. मला वाटलं, नमुने आहेत, फुकट असतील. (नव्हते.) ओंकार एकेकाची ओळख करून देत गेला. ही लागर, ही एल, ही काळी ती स्टाउट. स्टाउटचा घोट घेतला तर करपलेली भाकरी कॉफीत बुडवल्यासारखं लागलं. मग शेवटचा ग्लास आला. गढूळ, पिवळसर, वर साईसारखा फेस. गव्हाची बियर. आधी लवंगेचा वास आला, मग पिकल्या केळ्याचा, आणि घशाखाली उतरताना काहीतरी असं झालं की मी डोळे मिटले.

"मामा, बरं वाटतंय ना?"

"ओंकार," मी म्हणालो, "इतकी वर्षं मी काय पीत होतो रे?"

मी साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे. म्हणजे उसाच्या गाड्यांची वजनं घेतो. हंगाम संपला की माझ्यासारख्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. एप्रिलभर जिभेवरून ती लवंग जाईना. शेवटी मी ठरवलं, घरीच एकदा करून बघू. फक्त पाच लिटर. कोणाला कळणार आहे?

आता कोणाला कळायला नको होतं, ते सांगतो.

माझी बायको सुकन्या बचत गटाची अध्यक्ष. आमच्या गावात शाळेच्या वाटेवरच गोरक्षनाथचं बियरचं दुकान आणि परमिट रूम आहे. दिवाळीत तिथून निघालेल्या एकानं मोटारसायकल शाळेच्या पोरींच्या घोळक्यात घातली. एका पोरीचा पाय मोडला. त्या दिवसापासून सुकन्यानं दारूबंदीचा ध्यास घेतला. दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, अर्ज दिला, आणि आता गावात बायकांचं मतदान व्हायचं होतं. दुकान बंद करायचं तर आडवी बाटली, चालू ठेवायचं तर उभी बाटली. तिची पत्रकं मीच छापून आणली होती. 'ताई, माई, अक्का, आडवी बाटली पक्का' ही ओळसुद्धा माझी. (त्यातलं व्याकरण माझंच.)

तुम्ही म्हणाल, मग लाज कशी वाटली नाही? वाटली. पण सुकन्या मिरजगावला मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेली, आणि लाजेपेक्षा लवंग जड झाली.

ओंकारनं भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्टची पुडी पाठवली होती. कागदावर कृती होती: पाणी अमुक इतकंच तापवा, उकळू देऊ नका. माझ्याकडं थर्मामीटर होता तो तापाचा. तो बेचाळीसच्या पुढं जाईना, म्हणून मी सगळं मिश्रण सरळ खळखळ उकळलं. आपल्याकडं जे चांगलं असतं ते उकळतातच. आठवडाभर मुरू द्या असंही लिहिलं होतं, पण सुकन्या सोमवारी येणार होती. मी रविवारीच चापाच्या झाकणाच्या दहा बाटल्या भरल्या, फेस चांगला यावा म्हणून प्रत्येकीत दोन चमचे साखर जास्त टाकली, आणि पुढच्या खोलीच्या माळ्यावर जुन्या गाद्यांमागं लपवल्या. ओंकारनं फोनवर बजावलं होतं, "मामा, बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या ठेवल्या की गाळ हलतो." दारूबंदीच्या अध्यक्षांच्या डोक्यावर मी दहा उभ्या बाटल्या ठेवल्या.

सुकन्या आली. दारातच थांबून तिनं नाक वर केलं. "कसला वास येतोय हो?"

"पिठलं करपलं."

"दोन दिवस पिठलंच केलंत?"

"आवडतं मला," मी म्हणालो. त्या रात्री तिनं प्रेमानं पिठलं केलं.

गुरुवारी दुपारी सह्यांची पडताळणी होती. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब ग्रामपंचायतीत येणार होते, पण तिथली वीज सकाळपासून गेलेली. सुकन्या म्हणाली, "आमच्या घरी या, पुढची खोली मोठी आहे."

मी म्हणालो, "अगं, पुढच्या खोलीत लई गरम होतं."

"तुम्ही कूलरमध्ये पाणी भरा. एवढं तर जमेल?"

उन्हाचा पारा एकेचाळीस. माळ्यावर त्याहून जास्त असणार. साहेब बरोबर माळ्याखालच्या खुर्चीत बसले. समोर तीस-पस्तीस बायका, उरलेल्या अंगणात रांगेत, भिंतीला टेकून म्हातारी साळूबाई, आणि दारापाशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गोरक्षनाथ. एखादी सही खोटी निघाली तर अर्जच पाडायचा, एवढ्यासाठी तो आला होता. साहेब नाव वाचत, बाई पुढं येई, सही करून दाखवी. गोरक्षनाथ मान लांबवून बघे. खोलीत कूलरचाच आवाज होता.

एकशे बाराव्या नावाला वरून बारीक फुस्स असा आवाज आला.

"पाल असंल," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

मग साहेबांच्या यादीवर एक थेंब पडला. साहेबांनी तो बोटानं पुसला, बोट नाकाशी नेलं, आणि वर बघितलं. त्यांचा सगळा जन्म हाच वास शोधण्यात गेलेला. साहेब काही बोलणार, एवढ्यात वर असा धडाका झाला की बायका किंचाळत एकमेकींच्या अंगावर पडल्या. लगेच दुसरा. गादीतला कापूस खोलीभर उडाला आणि फेसाची धार माळ्यावरून थेट गोरक्षनाथच्या शर्टावर आली. गाद्या होत्या म्हणून काचा वरच राहिल्या.

गोरक्षनाथनं बाही हुंगली. त्याचा चेहरा उजळला. "सायेब! बियर हाय ही! दारूबंदीवाल्या बाईच्या घरात भट्टी! आता कुटली आडवी न् कुटली उभी!"

सुकन्या पांढरी पडली. सहा महिन्यांची तिची पायपीट त्या फेसाबरोबर भिंतीवरून ओघळत होती.

तेवढ्यात साळूबाई उठली आणि तिनं काठी गोरक्षनाथवर रोखली. "ह्येनंच ठिवल्यात! रातच्याला मानसं चढवून ठिवल्या आसतील. बाईला बदनाम करतोय मुडदा!"

"व्हय, व्हय!" बायका गरजल्या. साहेबांनी गोरक्षनाथकडं वळून भुवई उचलली. आणि माझ्या लक्षात आलं की मी वाचलो. फक्त गप्प बसायचं होतं. सुकन्याही वाचणार होती, अर्जही. मी ओठ घट्ट मिटले.

"मी ठिवल्या?" गोरक्षनाथ खवळला. त्यानं बोटावरचा फेस चाटला आणि थुंकला. "सायेब, धा वरसं धंदा करतोय. आसला भिकार माल माझ्या दुकानात ठिवत न्हाई मी!"

"भिकार?" कोणीतरी ओरडलं. "गव्हाची बियर आहे ती! तुला लवंगेचा वास तरी कळतो का?"

तो ओरडणारा मी होतो, हे मला सगळ्यांच्या माना वळल्यावर समजलं.

सुकन्या माझ्याकडं बघत होती. अठरा वर्षांच्या संसारात ती माझ्यावर पुष्कळदा चिडली आहे, पण असं तिनं कधी बघितलं नव्हतं. एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं, "तुम्ही केलीत?"

"हो."

"मी मिरजगावला गेले तेव्हा?"

"हो."

तिनं पदरानं कपाळावरचा फेस पुसला आणि साहेबांकडं वळली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही. "साहेब, पंचनामा लिहा. घर माझं, नवरा माझा. साक्षीदार म्हणून पहिली सही मी करते. मग उरलेली नावं वाचा."

साहेबांनी लिहायला घेतलं. सही झाल्यावर एकशे बाराव्या नावाची बाई डोक्यातला कापूस झटकत पुढं आली, आणि तिच्यामागं बाकीच्या. एकही सही खोटी निघाली नाही. साहेब आठ बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून तपासणीला घेऊन गेले.

पुढचे पंधरा दिवस सुकन्या माझ्याशी बोलली नाही. "जेवण वाढलंय" हे ती फ्रीजला सांगायची. कारखान्यात लोक मला 'काय अंगदराव, लवंग?' म्हणून हाका मारायचे. मला वाटलं होतं, माझ्यापायी ती हरणार. पण गावात उलटंच पसरलं. जी बाई स्वतःच्या नवऱ्याला सोडत नाही, ती गोरक्षनाथला काय सोडणार? मतदानाला बायका उन्हात रांगा लावून आल्या. मी मांडवात पाणी वाटत होतो. (कोणी माझ्या हातचं पीत नव्हतं. हुंगून परत देत.) आडवी बाटली भरघोस मतांनी आली.

गुलाल उधळला गेला, बायका आमच्या पुढच्या खोलीत जमल्या, आणि सुकन्याला साहेबांचा फोन आला. माझ्या बाटल्यांचा तपासणी अहवाल आला होता. नोकरी, कोर्ट, कोठडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सुकन्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, अभिनंदन. आणि तुमच्या मिस्टरांवर गुन्हा दाखल होत नाही. त्या बाटल्यांत गुन्हा होण्याइतकं अल्कोहोलच सापडलं नाही. अहवालात लिहिलंय, सदर द्रव बियर नसून जादा उकळल्यानं बिघडलेल्या माल्टची आंबलेली पेज आहे, मानवी सेवनास अयोग्य."

मी सुटलो होतो. पण खरं सांगतो, मला कोठडी परवडली असती.

"साहेब," मी पुढं होऊन म्हणालो, "लवंगेबद्दल काही लिहिलंय का?"

फोन बंद झाला. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदाच सुकन्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. बघता बघता सगळी खोली हसायला लागली.

साळूबाई मात्र हसली नाही. तिनं मला वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि सुकन्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"सुकन्ये, कसा गं संसार केलास पोरी? ह्येला साधा गुन्हाबी धड करता येईना!"