खालचा ओठ, उजवीकडे

सकाळी साडेसहाला बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बसस्टँडवर, सगळ्या प्रवाशांच्या देखत, खाकी शर्टाची खालची दोन बटणं सोडून बेंबीत तूप घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या, तालुक्यातल्याच मेहकर गावाला जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर, मारुतीअण्णा. पितळी डबीतलं तूप बोटाच्या टोकावर घ्यायचं, डोळे मिटायचे, बेंबीत बोट गोल फिरवायचं, बटणं लावायची आणि मग शिट्टी. तोवर गाडी हलायची नाही. एकदा एका नव्या प्रवाशाला हा काहीतरी पूजेचा प्रकार वाटला आणि त्यानं बसल्या जागेवरून हात जोडले.

पूजा नव्हती, औषध होतं. अण्णाच्या खालच्या ओठावर, उजवीकडे, तुरीच्या डाळीएवढा कोरडा चट्टा होता. पांढुरका, खरखरीत. सोलला की लाल व्हायचा, चार दिवसांनी पुन्हा पापुद्रा धरायचा. दुखत नव्हता, वाढत नव्हता आणि जातही नव्हता. बेंबीला तूप लावलं की ओठ फुटत नाहीत, असं अण्णाची आई सांगायची. आईचा शब्द अण्णानं कधी मोडला नाही, भले ओठ ऐको न ऐको.

मी मेहकरच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि राहायला भालकीत, त्यामुळे अण्णाच्या गाडीनं रोज जाणं-येणं. "कसं हाय अण्णा?" असं विचारलं की अण्णा ओठ पुढे काढायचा, ड्रायव्हरच्या आरशात वाकून बघायचा आणि म्हणायचा, "बारीक हाय, पर हाय." ड्रायव्हर रहीमभाई वैतागायचे. "अण्णा, आरसा मेरा है. पीछे की गाडी तुम्हारे होटां में दिखती क्या?" मधल्या काळात राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, गाडीवरची अक्षरं बदलली. अण्णाचा चट्टा होता तिथंच राहिला.

गाडीतला प्रत्येक माणूस डॉक्टर होता. कुणी लोणी सांगे, कुणी एरंडेल, कुणी कोरफड. अण्णा सगळ्यांचं ऐकायचा, पण त्याचा एक कडक नियम होता. "येका टायमाला येकच औषध. आठ दिस. दोन घातली तर गुण कुणाचा म्हणायचा?" मी मुलांना शास्त्र शिकवायचो, पण इतकी शिस्त माझ्या अंगी कधी आली नाही. एरंडेलाच्या आठवड्यात सगळ्या तिकिटांना तेलाचे डाग पडले. मधाच्या आठवड्यात एक गांधीलमाशी भालकीपासून मेहकरपर्यंत बिनतिकीट आली आणि अण्णा सगळा रस्ता तोंडावर टोपी धरून उभा होता. मंतरलेली राख मात्र त्यानं घेतली नाही. "राखेनं आणिक कोरडं पडंल की," म्हणाला. ते खरंच होतं.

ज्येष्ठ लागला तसा अण्णा घाई करायला लागला. "पंचमीच्या आत गेलं पायजे," हे त्याचं नवं पालुपद. लोकांना तेवढंच हवं होतं. "कामून अण्णा, नवरदेव व्हायलात का?" अण्णा हसायचा आणि शिट्टी फुंकायचा.

एकदा परतीच्या गाडीत दोघेच होतो, तेव्हा त्यानं सांगितलं. बायको गेली तेव्हा लेक सुमन सहा वर्षांची. तिला त्यानं एकट्यानं वाढवलं, वेणी घालायलासुद्धा शिकला. ती उदगीरला दिली. मोठं खटलं, घरात कामं फार, माहेरी यायला मिळतं ते फक्त नागपंचमीला, पाच दिवस. गेल्या पंचमीला तिची दोन वर्षांची चिमी पहिल्यांदा चालत दारात आली. अण्णानं उचलून गालाचा पापा घेतला.

"टोचतंय म्हनाली, गुरुजी. गाल पुसला आन् पळाली. मग पाच दिस जवळ आली न्हाई. मी दारात बसलो की ती चुलीपाशी. मी चुलीपाशी गेलो की ती दारात. वर्साचे पाच दिस मिळत्यात, ते बी गेले."

"मग तुम्हीच जाऊन या की उदगीरला. गाडी आपली, रस्ता दीड तासाचा."

अण्णानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फुकटात पास मागितला होता. "लेकीच्या सासरी? बिनबोलावता? लोक लेकीला बोलत्याल." तो विषय तिथंच संपला. गावोगावच्या माणसांना त्यांच्या दारी पोचवणारा हा माणूस उदगीरच्या गाडीत कधी बसला नव्हता.

आषाढाच्या मध्यात बीदरच्या एक डॉक्टरीणबाई कसल्याशा शिबिराला मेहकरला निघाल्या होत्या. त्या पुढच्याच बाकावर बसल्या आणि तासभर अण्णाकडे बघत राहिल्या. उतरताना त्यांनी त्याची शिट्टी मागून घेतली, उलटसुलट करून बघितली.

"अण्णा, इसका मुलम्मा उतर गया. शिट्टी जहां बैठती, सूखा बी वहींच है. शिट्टी छोडो, जीभ नक्को फिराव, महिनेभर में जाता. और घी पेट पे कायकू? होटां पे लगाव!"

सगळी गाडी हसली. अण्णा हसला नाही. दोन वर्षं तो आरशात ओठ बघत होता आणि शिट्टी त्याच आरशात दिसत होती.

शिट्टी सोडणं सोपं नव्हतं. आमच्या भागात गाडी शिट्टीवर चालते. महाराष्ट्रातल्या गाडीत कंडक्टरला घंटीची दोरी ओढावी लागते, याची अण्णाला कीव यायची. त्याची शिट्टी शेतात नांगर धरलेल्या माणसाला ऐकू जायची आणि तो तिथूनच हात हलवायचा. तीन दिवस अण्णा शिट्टी वाजवतच राहिला. चौथ्या दिवशी शिट्टी त्यानं घरी ठेवली आणि गाडीचा पत्रा बडवायला सुरुवात केली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जोडीला "होल्डान!" आणि "रैट, रैट!" आठ दिवसांत तळहात सुजला, आवाज बसला. रहीमभाईंना तर थाप पडली की टायर फुटला असंच वाटायचं. तूप आता ओठाला लागायचं आणि बेंबीलाही. "आईचं बी राहू द्या," म्हणाला.

आणि चट्टा जायला लागला. कडेनं आधी, मग मधून. गाडीतल्या बायका त्याचा ओठ बघून एकमेकींना सांगायच्या.

पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णानं रजा काढली, दाढी केली, धुवट शर्ट घातला आणि उदगीरच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभा राहिला. मी शाळेतून परत आलो तरी तिथंच होता. पहिल्या गाडीत कुणी नव्हतं. दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. चिमीला गोवर निघालाय, लेक येत नाही.

अण्णानं ताप किती, पाणी पिते का, सगळं विचारून घेतलं. गाडी गेली. मग त्यानं ओठ पुढे काढला. आरसा नव्हता, मी होतो.

"गुरुजी, जरा बघा. हाय का अजून?"

मी बघितलं. ओठ कुणाचाही असावा तसा साधा, नितळ.

"न्हाई अण्णा. गेलं समदं."

"बारीक बी न्हाई?"

"बारीक बी न्हाई."

"गेलं म्हना की," एवढंच तो म्हणाला. मला त्या गोवराचा, त्या उदगीरच्या घराचा, सगळ्यांचाच राग आला. अण्णाला कुणाचाच आला नाही.

पंचमीला सकाळी बघतो तर अण्णा धोतर नेसून, पिशवी घेऊन उदगीरच्या गाडीत खिडकीशी बसलेला. हातात तिकीट.

"बिनबोलावता?" मी विचारलं.

"लेकराला गोवर आलाय, गुरुजी. सुमन काय बोलावणं धाडंल?"

चौथ्या दिवशी तो कामावर आला. पत्र्यावर दोन थापा पडल्या, गाडी निघाली, तिकिटं फाडून झाली. मग माझ्या बाकाजवळ येऊन दांडी धरून उभा राहिला. गोवराच्या घरात बाहेरचं माणूस तडक आत जात नाही, म्हणून विहीणबाईंनी त्याला ओट्यावरच बसवलं होतं. न बोलावता कामून आलात, असं मात्र कुणी विचारलं नाही. हातपाय धुऊन, चहा पिऊन, दुपार होईपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. मग सुमननं आत नेलं.

"झोपली व्हती. गालावर समदं पुरळ, म्हनून कपाळावर ओठ टेकिवला. हळूच." बोलता बोलता त्याचं बोट ओठावरून फिरलं. "हलली न्हाई, गुरुजी. जरा बी हलली न्हाई."