भावी निवेदक

आमच्या शेजारच्या दारावर पाटी आहे : 'रंगनाथ भुसारे, भावी निवेदक'. आमच्या शहरात चौकाचौकांत एक तरी भावी नगरसेवक नाहीतर भावी आमदार हात जोडून उभा असतो. त्यामुळे बजाजनगरात या पाटीचं कुणाला फार नवल वाटलं नाही. बाकीचे भावी निवडणूक झाली की खांबावरून उतरतात, भुसारे मात्र कित्येक वर्षं जागेवर आहेत, एवढाच काय तो फरक.

वाळूजच्या एका कारखान्यात ते प्रेस मशीन चालवतात. पण लग्नसमारंभात माइक हातात धरायचा, हे त्यांचं ध्येय. पहिल्याच भेटीत त्यांनी ते मला जाहीर केलं. मी विचारलेलं नसताना.

"ध्येय बोलून टाकावं सर. मनात ठिवलं की आंबतं."

"आणि नाही झालं तर?"

"व्हतंय की. टप्प्याटप्प्यानं."

प्रगती खरोखरच टप्प्याटप्प्यानं झाली. सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या वाट्याला फक्त 'हॅलो, चेक, चेक' आलं. मग बढती मिळून ते 'मंडपासमोर लावलेली पांढरी गाडी ज्यांची असेल त्यांनी कृपया काढावी' इथवर पोचले. पुढचा टप्पा 'जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये'. हे वाक्य ते इतक्या कळवळ्यानं म्हणत, की जेवून निघालेले लोक ओशाळून परत बसत.

खरं काम मात्र मुख्य निवेदक गाडेकर सरांकडे. खरं काम म्हणजे पुढाऱ्यांची नावं घेणं. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी हे एक निमित्त असतं. मुठीत अक्षता भिजून जातात, मुहूर्त टळतो, आणि माइकवरून आजी चेअरमन, माजी चेअरमन, त्यांचे बंधू चालूच असतात. एक नाव राहिलं तर दोन घराण्यांचं बोलणं बंद. इतकी लग्नं झाल्यावर आता मला 'सन्माननीय' शब्द ऐकला तरी पाय दुखायला लागतात.

भुसारे सराव घरीच करत. गॅसचं सिलेंडर आलं की जिन्यात आवाज घुमायचा, "ज्यांच्या आगमनाकडे आपल्या सर्वांचे डोळे लागले होते..." आतून वहिनी ओरडत, "भावी राहू द्या, आधी दळण आणा!"

या उन्हाळ्यात गाडेकर सरांचा घसा बसला आणि चितेगावच्या एका लग्नाचा माइक भुसाऱ्यांकडे आला. एक बडे पुढारी येणार होते.

"साहेबांच्या घरचं लग्न पुढच्या महिन्यात हाये सर. आजचं जमलं की ते आपल्यालाच. मग लई कामं येतेत."

मला ते ओढूनच घेऊन गेले. मी सवयीनं शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ बसलो. तिथून लवकर निसटता येतं. शेजारी एक म्हातारबाबा उभे होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. विचारलं तर म्हणाले, "नवरीच्या आईचा बाप म्या, सखाराम. सिल्लोडकडून आलोय, मेंढरं शेजाऱ्यावर सोडून."

"मग पुढं बसा ना."

"नगं. पुढं मोठी माणसं हायेत."

भुसारे झकास बोलत होते. एकही चेअरमन सुटला नाही. तेवढ्यात बाहेर फटाके वाजले, साहेब गाडीतून उतरले. भुसाऱ्यांनी छाती भरून श्वास घेतला, सगळ्या मंडपावरून नजर फिरवली आणि एकदम थांबले.

"मागं उभे आहेत ते पटकेवाले बाबा... आपण नवरीचे कोण?"

सगळा मंडप वळला. बाबा घोंगडीत आणखीच आत गेले. का कोण जाणे, मीच ओरडलो, "आजोबा! सखाराम नाव आहे त्यांचं."

"नवरीचे आजोबा, आदरणीय सखाराम बाबा यांचं या मंडपात मनःपूर्वक स्वागत. बाबा, वर या."

बाबा निघाले. खुर्च्यांमधली वाट अरुंद, त्यामुळे साहेबांनाही त्यांच्या मागं, त्यांच्याच चालीनं चालावं लागलं. साहेबांच्या मागं अख्खा ताफा. नवरीचे काका माइकजवळ दात-ओठ खात म्हणाले, ते सगळ्यांना ऐकू आलं, "अरे साहेबांचं नाव घे की आधी!"

"बाबा येतायत," भुसारे म्हणाले. "सावकाश या बाबा. घाई नाही."

बाबा पायरी चढले तेव्हा काकांनी भुसाऱ्यांच्या हातातून माइक काढून घेतला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. भुसाऱ्यांना कुणी 'हॅलो' सुद्धा म्हणू दिलं नाही.

पैठण रोडनं परत येताना त्यांनी गाडी एका टपरीवर थांबवली. चहा आला.

"साहेबांच्या घरचं लग्न?" मी विचारलं.

"गेलं. त्यांच्या माणसानं तिथंच सांगितलं."

रस्त्यावरच्या कंटेनरांकडे बघत त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "आमचे दादा बी मेंढरंच राखायचे. माझ्या लग्नात असेच कडंला उभे राहिले. नवरदेवाचा बाप, सर. गाडीवाल्या समद्यांची नावं झाली, त्यांचं कुणी घेतलंच नाय. आन् मी वर मुंडावळ्या बांधून उभा. मला कुठं बोलता येतंय."

"आता कुठं असतात?"

"गेले. पाटी लावली त्याच्या आदल्या वर्षी."

चहा संपला. त्यांनी गाडीला किल्ली लावली, पण सुरू केली नाही.

"सर, तुम्ही पार मागं व्हते. सखाराम बाबांचं नाव तिथवर नीट ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हणालो. "अगदी स्पष्ट."