मिसेस पिनफोल्डची गायब गिऱ्हाइकं

"डेस्मंड टॅप्ली, खासगी गुप्तहेर. गरुडाची नजर, कोल्ह्याचं डोकं, सिंहाची छाती. कुठल्याही रहस्याचा तळापर्यंत जाऊन छडा लावला जाईल. भेटण्याची वेळ अकरा ते चार, याच फलकापाशी."

ही जाहिरात माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या हाताने लिहिली आणि लिटल थ्रॉपिंग गावच्या सूचनाफलकावर, हरवलेल्या कासवाच्या चिठ्ठीशेजारी टाचली. एका माणसात एवढे प्राणी मावतात कसे, असं मी विचारलं, तेव्हा त्याने माझ्यावर गरुडाची नजर रोखली. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे ती टपालपेटीवर रोखली गेली. डेस्मंड एकतीस वर्षं जिल्ह्याच्या गटारखात्यात होता. तळापर्यंत जायची सवय तिथलीच. मी ब्रेंडा, त्याची धाकटी बहीण, सहायक, आणि त्याचे मोजे रफू करणारी.

गावात असे तीन फलक आहेत. चर्चपाशी आहे त्याला तर बाक आहे, वर छप्परही आहे. पण डेस्मंडला हवा होता तो मिसेस पिनफोल्डच्या चहाघराच्या दाराला चिकटलेला. तिथे तो रोज अकरा ते चार टोपी घालून, हात मागे बांधून, दाराकडे तोंड करून उभा राही. पाच आठवडे झाले, एक अशील फिरकलं नाही.

मग एका मंगळवारी, अकराला पाच कमी असताना, मिसेस पिनफोल्डच बाहेर आल्या. हाताला पीठ होतं आणि डोळे लाल झाले होते.

"मिस्टर टॅप्ली, माझी गिऱ्हाइकं नाहीशी झालीत हो! ऑगस्ट महिना, बसगाड्या भरभरून माणसं येतायत. पडका मठ बघतात, टेकडीच्या उतारावर खडूच्या दगडात कोरलेला घोडा बघतात, पाणचक्की बघतात. माझ्याकडे मात्र चिटपाखरू नाही. चहाबरोबरचे स्कोन भाजते आणि बदकांना घालते. शनिवारपर्यंत असंच चाललं, तर सोमवारी मालकाला किल्ली देऊन मी कॉव्हेंट्रीला जाते लेकीकडे. सातव्या मजल्यावर. तिच्याकडे ओव्हनसुद्धा नाही!"

"तुम्ही कुठेही जाणार नाही," डेस्मंड म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. सकाळचं अंडं बाधलं असेल, असं मला वाटलं.

त्याने लगेच पहिला निष्कर्ष काढला. पाणचक्कीवाला चोरून चहा विकतो. मला तिकडे पिटाळलं. चक्कीवाल्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "ब्रेंडा, माझ्याकडे चहा नाही. पीठ आहे आणि गाठीला संधिवात आहे. यातलं काय हवंय, सांग."

दुसरा निष्कर्ष बुधवारी निघाला. टेकडीवरच्या घोड्याची शेपटी चहाघराकडे आहे, म्हणून प्रवासी नकळत उलट्या दिशेला जातात. घोडा फिरवून घ्यावा, असं पत्रही त्याने पुराणवस्तू खात्याला लिहिलं. मी ते टपालात टाकलं नाही. घरात एवढं तरी कुणीतरी करायला हवं.

त्याच दुपारी मी मठात गेले. तिथे एक जोडपं पडक्या भिंतीवर बसून कोरडं सँडविच चावत होतं. चहाघरात का नाही गेलात, असं मी विचारलं.

"गेलो होतो की," नवरा म्हणाला. "केवढी ती रांग! पाऊण तास उभे होतो, तसूभर हलली नाही."

"मग पुढे जाऊन कुणाला विचारलं नाहीत?"

त्याचा घास हातातच राहिला. "रांगेत उभं राहून? विचारायचं?"

बाहेर रांग आणि आत कुणी नाही! हे ऐकून डेस्मंड आनंदाने थरथरला. "म्हणजे दार आणि टेबलं यांच्या मधल्या जागेत माणसं गडप होतात! मठातल्या साधूंनी खणलेलं भुयार आहे तिथे!" गुरुवारी पहाटे त्याने दारासमोरचा फुलांचा वाफा खणला. एक चमचा मिळाला आणि एक जुनं गटार लागलं. गटाराची बांधणी बघून त्याचे डोळे भरून आले.

"आणि ऐक," शुक्रवारी रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "माझ्यावर पाळत आहे. मी दारात उभा राहिलो, की एक अनोळखी इसम येऊन माझ्यामागे उभा राहतो. त्याच्यामागे दुसरा. बोलत कुणीच नाही. घड्याळं बघतात, उसासे टाकतात. तासाभराने टोळी बदलते."

"वळून विचारायचंस ना, काय हवंय म्हणून?"

"ओळख करून दिलेली नसताना?" डेस्मंडने काटा खाली ठेवला. "ब्रेंडा, आपण काय रानात वाढलोय?"

माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती. पण मीही याच गावची. मी टोळीला घाबरून दाराला कडी लावली.

शनिवार उजाडला. मिसेस पिनफोल्डनी शेवटची म्हणून स्कोनची मोठी खेप भाजली. वास बदकांच्या तळ्यापर्यंत जात होता आणि मला रडू येत होतं. डेस्मंड फलकापाशी उभा होता. त्याच्यामागे अकरा माणसं होती, सगळी गप्प. एकाबरोबर कुत्रा होता. तोही गप्प.

एवढ्यात यॉर्कशायरच्या बसमधून एक आजीबाई उतरल्या आणि काठी टेकत थेट रांगेच्या पुढे गेल्या. अकराच्या अकरा जणांचा श्वास अडकला. आजीबाईंनी डेस्मंडच्या पोटरीत काठी खुपसली.

"ए टोपीवाल्या, आत जातोयस, का तुला इथे कुंडीसारखा मांडून ठेवलाय?"

"बाई, मी तपास करतोय. इथली गिऱ्हाइकं जातात कुठे, याचा."

आजीबाईंनी रांगेकडे पाहिलं, काचेतून रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, मग डेस्मंडकडे पाहिलं.

"जातात कुठे? ही काय तुझ्या ढुंगणामागे उभी आहेत, गाढवा!"

पाच आठवड्यांत पहिल्यांदाच डेस्मंडने मागे वळून पाहिलं. अकरा माणसांनी अदबीने माना लववल्या.

"म्हणजे," कुत्रेवाला दुखावल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही रांगेत नव्हताच?"

गलका ऐकून मिसेस पिनफोल्ड दारात आल्या. "मिस्टर टॅप्ली, दाराच्या अर्ध्या पडद्यावरून तुमची टोपी तेवढी रोज दिसायची मला. बरं वाटायचं, दारात कुणीतरी आहे म्हणून. पण तुम्ही उभे कशासाठी होता हो?"

मला वाटलं, आता जाहिरातीकडे बोट दाखवेल. डेस्मंडने टोपी काढली. कान बिटासारखे लाल झाले होते.

"मी रांगेतच होतो, मिसेस पिनफोल्ड. मला आत यायचं होतं. धीर होत नव्हता."

अकरा माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजीबाई उंबरठ्यावर पाऊल ठेवणार, तोच कुत्रेवाला आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी मोठ्याने बोलला. "आजी, थांबा! आधी त्यांना जाऊ द्या. त्यांचा नंबर पाच आठवड्यांपूर्वीचा आहे."

तीन वाजेपर्यंत स्कोन संपले. सोमवारी मिसेस पिनफोल्ड कुठेही गेल्या नाहीत. डेस्मंडने गटारखात्यातल्या सवयीने अहवाल लिहिला, पण गुन्हेगाराच्या नावाची जागा कोरी ठेवली. ती मी भरली. खाली 'सध्याचा ठावठिकाणा' असाही रकाना होता. त्यात लिहिलं : खिडकीजवळचं टेबल, रोज अकरा ते चार.