उड्डाणाला थोडा उशीर

निवृत्त वैमानिक आजोबांनी कागदाचं पहिलं विमान सोडलं आणि ते समोर जायचं सोडून थेट त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर आदळलं. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं. आजी दारातच उभी होती.

"एवढी वर्षं लोक तुमच्या भरवशावर बसायचे हो?"

"कागद दमट आहे," आजोबा म्हणाले.

प्रसंग मोठा बाका होता. आदल्या दिवशी जिन्यात बसून नातीने मैत्रिणींपुढे फुशारकी मारली होती, की माझे आजोबा खरंखुरं विमान चालवायचे. त्यावर समोरचे दोन्ही दात पडलेली एक मैत्रीण म्हणाली, "मग कागदाचं तरी उडवून दाखवायला सांग!" नातीने तिथल्या तिथे सगळ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बोलावलं आणि आजोबांनीही "हात्तिच्या, त्यात काय!" म्हणून टाकलं. आपण उभ्या जन्मात कागदाचं एकही विमान केलेलं नाही, हे त्यांना कागद हातात घेतल्यावर आठवलं.

घड्या तशा झकास जमल्या होत्या. फक्त नाकावर त्यांनी कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ती मोठी काळी क्लिप चढवली होती.

"हे काय?" आजीने विचारलं.

"इंजिन."

"कागदाच्या विमानाला?"

"बिनइंजिनाच्या विमानाला मी आजवर हात लावला नाही, आता या वयात लावणार नाही."

तेव्हा दोष हवेवर गेला. पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या, पडदे ओढले गेले. विमान आपलं नाकावरच. मग आजोबांच्या ध्यानात आलं, की एकट्याने विमान उडवायची आपल्याला सवयच नाही. त्यांनी आजीला सहवैमानिक म्हणून शेजारी उभं केलं आणि रीतसर तपासणी सुरू केली.

"पंखा?"

"बंद."

"खिडक्या?"

"बंद. जीव गुदमरतोय माझा."

"समोरचा मार्ग?"

"मोकळा... अगं बाई, दूध!"

"दूध तपासणीत येत नाही," आजोबा म्हणाले.

पण ते गॅसवर होतं आणि एव्हाना पातेल्याबाहेर निघालं होतं. त्या दिवशी त्या घरात वर गेलेली ती एकमेव गोष्ट. आजी स्वयंपाकघरात धावली. तिच्यामागे आजोबा धावले, त्यांचा पाय जमिनीवरच्या विमानावर पडला आणि तोल सावरायला त्यांनी पडदा धरला. पडदा दांडीसकट खाली आला. नेमकी तेव्हाच बेल वाजली आणि ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी नातीमागोमाग मुलींचा घोळका आत घुसला. घरभर करपल्या दुधाचा वास आणि मधोमध पडद्यात गुंडाळलेले आजोबा.

नातीचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांच्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "आजोबा, उडवाच हं. माझं नाक कापू नका."

आजोबांनी पडदा बाजूला सारला, विमान उचललं, श्वास रोखला आणि सोडलं. ते सरळ त्यांच्या चपलेत शिरलं.

दात पडलेली हसायला तोंड उघडणार होती. नातीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आजोबांनी आयुष्यात मोठमोठी वादळं पाहिली होती, पण हे काही त्यांना बघवेना. आपोआप त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि अनेक वर्षांनी तो जुना, भारदस्त, संथ आवाज बाहेर पडला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खराब हवामानामुळे आपल्या उड्डाणाला थोडा उशीर होत आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तोपर्यंत सर्व प्रवाशांना बिस्किटं आणि..." त्यांनी स्वयंपाकघराकडे अंदाज घेतला, "आणि उरलेलं दूध देण्यात येईल."

मुलींनी आनंदाने आरोळी ठोकली. खुर्च्या एकामागे एक लागल्या, खिडकीजवळच्या जागेवरून भांडण झालं, आजी ट्रे घेऊन फिरू लागली. मधूनमधून आजोबा आणखी उशीर जाहीर करायचे आणि दर वेळी टाळ्या पडायच्या. अंधारून आल्यावर उड्डाण रद्द झालं.

"खरेच पायलट आहेत गं," दात पडलेली जिना उतरताना म्हणाली. "माझ्या मामाचं विमान अस्संच रद्द झालं होतं."

नात त्या दिवशी आजोबांच्या गळ्यातून हात काढायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी इमारतीतली झाडून सगळी पोरं हजर झाली. काहींनी तर प्रवासाची म्हणून पाठीला दप्तरं अडकवली होती. आजोबांनी ऐटीत सगळ्यांना बसवलं आणि आता एकदा शिरस्त्याप्रमाणे पडू दे, म्हणून टेबलावरचं विमान उचलून भिरकावलं.

विमान पडलं नाही. पोरांच्या डोक्यांवरून ते तरंगत गेलं, दिव्यापाशी डौलात वळलं आणि खोलीच्या पार टोकाला सोफ्यावर अलगद उतरलं. आजोबा आ वासून बघत राहिले. मग टाळ्यांसाठी वळले.

एक टाळी पडली नाही. पोरांची तोंडं एवढीएवढी झाली होती.

"म्हणजे आज उशीर नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"आणि बिश्किटं?" दात पडलेलीचा स्वर रडवेला होता.

"आजोबा!" नात डाफरली. "काय करून ठेवलंत हे!"

आजोबांनी जाऊन विमान उचललं, उलटंसुलटं केलं. नाक मोकळं होतं. तेवढ्यात आजी बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर आली. पुड्याचं फोडलेलं तोंड काळ्या क्लिपने घट्ट बंद केलेलं होतं.

"बिस्किटं सादळली असती, म्हणून घेतली," ती म्हणाली. "तुम्हाला हवी होती का?"

आजोबांनी मुकाट्याने हात पुढे केला. क्लिप घेतली, विमानाच्या नाकावर नीट बसवली आणि घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. इंजिन बसवण्याचं काम सुरू असल्यामुळे..."

पुढचं टाळ्यांत कुणाला ऐकूच आलं नाही.